ब्लॉकचेन : औषधचाचण्यांच्या नोंदी

नव्या औषधाच्या माणसांवरील चाचणीत (क्लिनिकल ट्रायल) जमणारी माहिती एकमेकींत गुंफलेल्या नोंदींच्या साखळीने राखण्याची संगणकीय पद्धती. एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, हा तिचा मुख्य हेतू.

पूर्वपीठिका : स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये संगणकीय दस्तऐवजावर कालमुद्रा उमटवण्याची रीत मांडली. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात तिचा उपयोग झाला. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (सॅन फ्रान्सिस्को) संशोधकांनी एका पूर्ण झालेल्या चाचणीची माहिती वापरून अशा साखळीचा नमुना तयार केला.

कार्यपद्धती : प्रत्येक नोंदीवर गणिती क्रिया करून तिचा ‘हॅश’ काढतात. एसएचए-२५६ पद्धतीत तो नेहमी २५६ बिटांचा असतो; रक्तदाबाच्या १२० चे १३० केले तरी तो पार पालटतो. नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाचा हॅश असल्याने मधली एक नोंद बदलली, की पुढची सारी साखळी जुळेनाशी होते. रुग्णालय, औषधकंपनी, नैतिकता समिती व नियामक यांच्याकडे तिच्या स्वतंत्र प्रती ठेवता येतात. त्यामुळे कुणा एकाने आपली प्रत बदलून भागत नाही. चूक सुधारायची तर जुनी नोंद न पुसता गावच्या फेरफार नोंदवहीसारखी नवी नोंद खाली जोडतात.

गोपनीयता : रुग्णाचे नाव व अहवाल साखळीबाहेर, तर हॅश साखळीत ठेवतात. रक्तगटासारख्या मोजक्या पर्यायांच्या माहितीचा हॅश अंदाजाने ओळखता येतो, म्हणून तो काढण्यापूर्वी तीत यादृच्छिक अंक मिसळतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने दिलेला माहिती पुसण्याचा हक्क आणि न पुसली जाणारी साखळी यांचा मेळ या विभागणीमुळे काहीसा बसतो.

भारतातील चौकट : चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही (सीटीआरआय) २० जुलै २००७ रोजी सुरू झाली, १५ जून २००९ पासून तीत पूर्वनोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटांतील सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. अशा चित्रफितीचा हॅश साखळीत असला, तर ती नंतर बदलली आहे का हे पडताळता येते.

छत्रपती संभाजीनगर : अशा चाचण्यांतून जाणारी नवी औषधे शोधणाऱ्या वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र या शहरात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेले न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन (मिक्नाफ) हे प्रतिजैविक याच कंपनीचे.

मर्यादा : नोंद बदलली नाही एवढेच साखळी सांगते, ती मुळात खरी होती की नाही, हे सांगत नाही. याच शहराजवळच्या वाळूज येथील वोक्हार्टच्या कारखान्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१३ मध्ये इशारापत्र दिले. त्यात कचऱ्यात सापडलेल्या फाडलेल्या तपासणी-नोंदींचा उल्लेख होता. तो प्रश्न उत्पादनाच्या गुणवत्तेचा होता, रुग्णांवरील चाचणीचा नव्हे. पण धडा दोन्हीकडे सारखाच. जो कागद साखळीत शिरलाच नाही, त्याची तिला गंधवार्ताही नसते. म्हणून मोजणीयंत्रातून आकडा थेट नोंदला जाण्याची सोय लागते, आणि तपासनिसाची प्रत्यक्ष फेरीही टळत नाही.