काचबिंदू : धोक्याच्या खुणा

काचबिंदू : डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस झिजवणारा विकार, दवाखान्यात ‘ग्लॉकोमा’ हे नाव रूढ. मोतीबिंदूत भिंग गढुळते आणि शस्त्रक्रियेने नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. म्हणून खुणा वेळीच ओळखणे फार मोलाचे.

कारण : डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी पाझरते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून त्याचा निचरा होतो. निचरा अडला की दाब वाढतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो; काहींची नस मात्र एवढ्या दाबातही झिजते.

मुका प्रकार : कोन खुला असतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडून आक्रसत येते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. चौकटीला खांदा घासणे, पायरी चुकणे, बाजूने आलेली दुचाकी न दिसणे या खुणा जाणवेपर्यंत नसेचा बराच भाग गेलेला असतो.

ठणक्याचा प्रकार : कोन बंद होतो. आधी संध्याकाळच्या मंद उजेडात दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात, नजर धुरकटते, भुवईवर दुखते; झोपून उठल्यावर बरे वाटते. मोठा झटका आला की डोळा लालबुंद व दगडासारखा कडक होतो, अर्धे डोके ठणकते, उलट्या होतात. सुश्रुतसंहितेतील ‘अधिमंथ’ याच्याशी मिळताजुळता आहे. पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढू नये. उपचाराला उशीर झाल्यास नजर कायमची जाऊ शकते.

तान्ह्या बाळाचे बुबुळ मोठे दिसणे, डोळ्यांतून पाणी वाहणे, उजेड न सोसणे याही धोक्याच्या खुणा होत.

धोका कोणाला : चाळिशी उलटलेले, रक्ताच्या नात्यात काचबिंदू असलेले, मधुमेही, मोठा उणे नंबर असलेले. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदसारख्या कापूसपट्ट्यात आणखी तीन गोष्टी जपाव्यात : पऱ्हाटीचा किंवा बैलाच्या शिंगाचा डोळ्याला लागलेला मार दाखवून घ्यावा, लाल डोळ्यासाठी दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालू नयेत, ‘मोतीबिंदू पिकू द्या’ म्हणून थांबू नये, कारण फुगलेले भिंगही कोन बंद करते.

तपासणी व उपचार : चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही; दाब, कोन, नस आणि नजरेचा घेर तपासावा लागतो. या तपासणीसाठी जळगाव जामोद भागातून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. थेंब, लेसर व शस्त्रक्रिया हे उपचार दाब उतरवतात. दुखत नाही म्हणून थेंब सोडू नयेत. घरात एकाला निदान झाले, की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. मुक्या प्रकारात वेळेवर मिळणारी खूण बहुधा तेवढीच असते.