चाकांवरचें बिऱ्हाड

घर सोडून प्रवासास निघालेल्या माणसाचें अर्धें लक्ष घरींच असतें. कुलूप नीट लागलें कीं नाहीं, परसांतल्या झाडांस पाणी कोण घालील, अशा शंका त्याची पाठ सोडीत नाहींत. आणि परत येऊन उंबऱ्यांत पाऊल टाकतांच जो आनंद होतो, तो कित्येकदां प्रवासांतल्या कोणत्याहि आनंदाहून मोठा असतो. मग घरच बरोबर घेऊन निघावें, म्हणजे काळजीहि नको आणि परतणेंहि नको, अशी कल्पना मनुष्याला सुचावी हें स्वाभाविक होय. इंग्लंड व अमेरिका या देशांत ती नुसती सुचली नाहीं, तर गेल्या सवाशें-दीडशें वर्षांत प्रत्यक्ष व्यवहारांत उतरली. आज अमेरिकेंत असे पुष्कळ लोक आहेत कीं ज्यांनीं राहतें घर विकून टाकलें, बिछाना, चूल व न्हाणी यांची सोय असलेली मोटार घेतली, आणि बारा महिने रस्त्यावरच संसार मांडला.

या लोकांचीं दोन गाऱ्हाणीं नेहमीं ऐकूं येतात. पाहण्यासारखें नवें ठिकाण आतां कोठून काढावें, हें एक. आणि मनास जो शीण येतो त्याचें काय करावें, हें दुसरें. पहिल्या महिन्यांत जो डोंगर पाहून मोटार थांबवावीशी वाटली, त्याहून सुंदर डोंगर दहाव्या महिन्यांत आडवा आला तरी मान वळवण्याचा कंटाळा येतो. हीं दोन गाऱ्हाणीं वरवर निराळीं दिसतात. परंतु या बिऱ्हाडांचा इतिहास वाचतांना तीं मुळांत एकच असावींत असें आम्हांस वाटूं लागलें.

भटक्या जिप्सी लोकांचे संसार गाड्यांतून चालत आले होतेच. पण सुखवस्तु मनुष्यानें निवळ हौसेखातर गाडींत बिऱ्हाड करण्याचा आरंभ १८८५ सालीं धरतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा स्कॉच गृहस्थ इंग्लंडच्या आरमारांत डॉक्टर होता. नोकरी सुटल्यावर मुलांसाठीं साहसकथा लिहून त्यानें नांव मिळविलें. त्यानें ब्रिस्टल येथील एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाची गाडी बांधून घेतली आणि तीस ‘जमिनीवरील नौका’ असें म्हणूं लागला. गाडीचें वजन सुमारें दोन टन, ओढावयास दोन घोडे. बरोबर एक गाडीवान, एक नोकर, एक मोठा कुत्रा आणि एक काकाकुवा. अरुंद रस्त्यावर समोरून दुसरें वाहन तर येत नाहीं ना हें पाहण्यासाठीं नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढें जाई. अशा थाटानें ही स्वारी इंग्लंडच्या दक्षिणेकडील ट्वायफर्ड गांवाहून निघून स्कॉटलंडांत इन्व्हर्नेसपर्यंत पोंचली. १८८६ सालीं त्यानें या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्याच्या नांवांतच तेराशें मैलांचा उल्लेख केला.

आज मोटार हांकणाऱ्यास तेराशें मैल म्हणजे तीन दिवसांची मजल वाटेल. स्टेबल्सचा उन्हाळा त्यांत गेला. दोन टनांचें धूड चढावर ओढणारे घोडे थकले कीं थांबावेंच लागे. त्यांना चारापाणी हवें, नाल हवे, सावली हवी. रात्रीच्या मुक्कामासाठीं कुणाचें तरी शेत नाहीं तर खाणावळीचें आवार मागावें लागे, आणि मागण्याच्या निमित्तानें चार गोष्टी होत. आपणास केव्हां विश्रांति हवी याचा विचार स्टेबल्सला करावा लागलाच नाहीं. त्याच्या वतीनें तो घोड्यांनीं केला. या मुक्या प्राण्यांचें हें उपकारस्मरण त्याच्या मागून आलेल्यांनीं केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. १९०७ सालीं इंग्लंडांत असल्या हौशी लोकांचा ‘कॅरॅव्हॅन क्लब’ निघाला. तोंवर मोटारी आल्या होत्या, आणि थोड्याच वर्षांत गाडीपुढचा घोडा नाहींसा झाला.

अमेरिकेंत तर या प्रकारास मोटारीबरोबरच रंग चढला. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहराच्या डी सोटो बागेंत तंबू व मोटारी घेऊन उतरलेल्या प्रवाशांनीं एक मंडळ काढलें व स्वतःस ‘टिनच्या डब्यांचे प्रवासी’ म्हणवून घेतलें. मोटारीच्या रेडिएटरच्या झांकणावर टिनचा रिकामा डबा डाखलेला असला कीं आपला माणूस ओळखावा, अशी त्यांची खूण होती. हिवाळ्यांत दक्षिणेस व उन्हाळ्यांत उत्तरेस त्यांचे मेळावे भरत. पुढें मंदीच्या काळांत मोटारीमागें जोडावयाच्या घरांची एवढी चलती झाली कीं, वीस वर्षांत निम्मे अमेरिकन लोक चाकांवर राहूं लागतील, असें भाकीत रॉजर बॅब्सन या प्रसिद्ध अर्थपंडितानें केलें. भाकीत खोटें ठरलें. आणि ठरलें तेंहि मोठ्या गमतीनें. दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांवरच्या घरांचा खप वाढला खरा, परंतु त्यांतलीं बहुतेक एका जागीं नेऊन ठेवण्यांत आलीं, त्यांच्याभोंवतीं फुलझाडें लागलीं, आणि पुन्हां तीं फारशीं हाललीं नाहींत.

जॉन स्टाइनबेकची हकीकत मात्र थोडी सावकाश सांगितली पाहिजे. १९६० च्या सप्टेंबरांत हा अठ्ठावन्न वर्षांचा कादंबरीकार न्यूयॉर्कजवळच्या आपल्या घरून निघाला. प्रकृति बरी नव्हती. आयुष्यभर अमेरिकेविषयीं लिहिलें, पण अलीकडे ती पाहिली मात्र नाहीं, ही टोंचणी त्याच्या मनास लागली होती. ट्रकच्या पाठीवर त्यानें एक लहानशी खोली बसवून घेतली आणि डॉन क्विझोटच्या मरतुकड्या घोड्यावरून त्या गाडीस ‘रोसिनांते’ हें नांव दिलें. सोबतीस चार्ली नांवाचा म्हातारा कुत्रा होता. ईशान्येच्या टोंकाकडील मेन प्रांतांतले बटाट्याचे मळे, शिकागो, माँटानाचे पर्वत, पॅसिफिकच्या किनाऱ्याचे प्रचंड रेडवुड वृक्ष, स्वतःचें जन्मगांव सालिनास, मग वाळवंट आणि टेक्सस, असा त्याचा मार्ग होता. हमरस्ते तो शक्यतों टाळी. त्या रस्त्यांनीं देश ओलांडतां येतो पण दिसत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.

नंतर तो न्यू ऑर्लिन्सला गेला. त्या नोव्हेंबरांत तेथें गोऱ्या मुलांच्या शाळेंत एका लहान काळ्या मुलीस कोर्टाच्या हुकुमानें प्रवेश मिळाला होता, आणि तिला रोज शिव्यांची लाखोली वाहण्यासाठीं गोऱ्या बायका शाळेपुढें जमत. स्टाइनबेकनें गर्दींत उभें राहून तें पाहिलें. त्यानंतर त्याच्या प्रवासांत जीव उरला नाहीं. व्हर्जिनियांतल्या ॲबिंग्डन गांवाजवळ आपला प्रवास संपला, असें तो लिहितो. घर अजून शेंकडों मैल दूर होतें. मधले प्रांत त्यानें नुसते ओलांडले. डोळे उघडे होते, पण दिसत कांहींच नव्हतें. शेवटीं तर जेथें तो वर्षानुवर्षें राहिला त्या न्यूयॉर्क शहरांतच त्याची वाट चुकली.

हा प्रसंग मैलांच्या थकव्याचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस तसें वाटत नाहीं. नवें पाहावयास निघालेल्या मनुष्यास पेलवेल त्याहून अधिक नवें दिसलें, आणि तें पचविण्यासाठीं थांबावें, कोणापाशीं तरी बोलावें, एवढी उसंत त्यानें घेतली नाहीं. शरीर पुढें निघालें आणि मन त्या शाळेच्या दारांत राहिलें. येथें एक गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. १९६२ सालीं आलेलें त्याचें पुस्तक वाचून अनेकांचा असा समज झाला कीं, हा मनुष्य जवळजवळ तीन महिने ट्रकवरच्या खोलींतच निजला. २०१० नंतर एका पत्रकारानें तोच मार्ग पुन्हां चालून व जुनीं पत्रें तपासून दाखवून दिलें कीं, पुष्कळ रात्री त्यानें हॉटेलांत काढल्या, आणि बरेच दिवस त्याची पत्नीहि बरोबर होती. पुस्तकाच्या पुढल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंतहि तें अक्षरशः खरें धरूं नये असा इशारा आला. हॉटेलांत निजण्यांत पाप नाहीं. आजारी मनुष्यानें निजावेंच. परंतु शिणावरचा जो उतारा त्यानें स्वतः घेतला, तो वाचकांपासून झांकून ठेवला, ही आमची तक्रार आहे. त्याचें अनुकरण करावयास निघालेल्या किती भाविकांनीं पत्र्याच्या पेटींत रात्री तळमळत काढल्या असतील!

नवीं ठिकाणें शोधण्याची युक्ति सांपडली ती विल्यम ट्रॉग्डन या इंग्रजीच्या शिक्षकास. ओसेज या मूळ अमेरिकन जमातीचें रक्त अंगांत असलेला हा गृहस्थ विल्यम लीस्ट हीट-मून या नांवानें लिहितो. १९७८ सालीं नोकरी गेली, पत्नीशीं फारकत झालेली, अशा स्थितींत तो एका साध्या बंद मोटारींत बिछाना टाकून मिसुरी प्रांतांतून निघाला व सुमारें तेरा हजार मैल फिरला. जुन्या नकाशांत मोठे रस्ते तांबडे व आडरस्ते निळे दाखवीत. त्यानें निळे रस्ते धरले, आणि त्यावरूनच १९८२ सालच्या त्याच्या पुस्तकास नांव मिळालें. गांव निवडण्याची त्याची रीत अजब होती. नकाशांत विचित्र नांव दिसलें कीं तेथें जावयाचें. टेनेसींत ‘नेमलेस’, म्हणजे निनांवी, असें एक खेडें आहे. तें त्यानें असेंच हुडकलें. खाणावळीची पारख तो भिंतीवरच्या कॅलेंडरांवरून करी. जितकीं कॅलेंडरें अधिक तितकें जेवण चांगलें. यांत विनोद आहे, पण शहाणपणहि आहे. गांवचे व्यापारी जेथें आपलें कॅलेंडर नेऊन लावतात, तेथें गांवचीं माणसें जेवतात, आणि त्यांच्यापाशीं बसलें म्हणजे निनांवी गांवाचेंहि पुराण निघतें. या पुस्तकांत धबधबे व दऱ्या यांना जागा थोडी. माणसांचीं बोलणींच पानोपान भरलीं आहेत. त्यालाहि मळभ आलेच. ओरेगॉनच्या पावसांत तो उदास होऊन गाडींत बसून राहिला. परंतु तो बसला, हांकीत सुटला नाहीं.

केवळ बारमाही भटकणाऱ्यांचा संघ १९७८ सालींच निघाला. त्याचें नांव ‘एस्केपीज’, म्हणजे निसटलेले. जो पीटर्सन व के पीटर्सन या दांपत्यानें तो स्थापिला. टपाल कोठें यावें ही बिऱ्हाड नसलेल्यांची पहिली अडचण. टेक्ससांतील लिव्हिंग्स्टन गांवीं टपाल घेऊन सभासद असेल तेथें पाठविण्याची व्यवस्था संघानें केली. या मंडळींत नवख्यांस एक तीनांचा नियम सांगतात. दिवसांत तीनशें मैलांहून अधिक जाऊं नये, दुपारीं तीनच्या आंत मुक्कामास पोंचावें, आणि तेथें निदान तीन रात्री राहावें. स्टेबल्सच्या घोड्यांस हा नियम कोणी सांगितला असता तर तीनशें मैल ऐकून त्यांनीं मान हलविली असती. राहिलेलीं दोन कलमें त्यांचींच आहेत.

आमच्या परंपरेंत परिव्राजकास दोन आज्ञा आहेत. एका गांवीं फार दिवस राहूं नये, ही एक. आणि पावसाळ्यांत चातुर्मास्य करून एके ठिकाणीं स्थिर राहावें, ही दुसरी. पहिली सर्वांच्या ध्यानांत राहते. अमेरिकेंतील सरकारी मोकळ्या जमिनींवर सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक तळ ठोकतां येत नाहीं. ही झाली पहिली आज्ञा. पण १९८३ पासून ॲरिझोनांतील क्वार्ट्‌झसाइट या वाळवंटी गांवाभोंवतीं आणि अशाच कांहीं ठिकाणीं १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहण्याचा परवाना मिळूं लागला. सरकारच्या मनांत धर्मशास्त्र नव्हतें, गर्दीचा बंदोबस्त होता; तरी फळ तेंच झालें. हिवाळ्यांत तेथें हजारों चाकांचीं घरें उतरतात, दगडांचे व रत्नांचे बाजार भरतात, आणि मागल्या वर्षीचे शेजारी पुन्हां भेटतात. त्याच गांवच्या स्मशानांत एक दगडी पिरॅमिड आहे व त्याच्या शिखरावर धातूचा उंट आहे. वाळवंटांत सामान वाहण्यासाठीं अमेरिकन लष्करानें आणविलेल्या उंटांबरोबर १८५६ सालीं आलेला हाजी अली तेथें पुरला आहे. अमेरिकनांनीं त्याचें नांव ‘हाय जॉली’ करून टाकलें. उंटांचा प्रयोग फसला, आणि जन्मभर भटकलेला हा मनुष्य १९०२ सालीं तेथेंच वारला.

लिव्हिंग्स्टनला ‘एस्केपीज’च्या जागेंत एक विभाग असाहि आहे कीं, वयानें किंवा दुखण्यानें ज्यांना आतां मोटार हांकवत नाहीं, ते लोक तेथें येऊन राहतात. त्यांना शिजलेलें अन्न मिळतें, डॉक्टरकडे नेण्याआणण्याची सोय होते. निजावयास मात्र ते आपापल्या गाडींतच जातात.