बटाटा आणि आलू

एकाच टोपलींतील एकाच कंदास पुण्याची गृहिणी बटाटा म्हणते आणि नागपूरची गृहिणी आलू म्हणते. पुष्कळांचा समज असा कीं, पहिला शब्द अस्सल मराठी आणि दुसरा शेजाऱ्याकडून उसना आणलेला. मीही वर्गांत अनेक वर्षें तसेंच सांगत आलों.

वस्तुस्थिति निराळी आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांचा; मुळांत तो कॅरिबियन बेटांतील रहिवाशांचा, आणि तिकडे तें रताळ्याचें नांव होतें. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं आली, आणि चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें ती जिंकून घेईपर्यंत तेथें त्यांचा अंमल होता. त्यांच्या गलबतांतून अननस, पपई, काजू हीं फळें नांवांसकट उतरलीं. आपला पाव आणि पाणी तापवावयाची बादली, हे शब्दहि त्यांचेच. याउलट ‘आलु’ हा शब्द बटाटा या देशीं येण्यापूर्वीं कितीतरी शतकें संस्कृतांत कंदवाचक होता! उत्तरेकडे नव्या कंदास तें जुनें नांव मिळालें. एक शब्द समुद्रानें आला, दुसरा खुष्कीनें.

नागपूरचें राज्य १८५३ त खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत बनला व १९०३ मध्यें वऱ्हाड त्यास जोडलें गेलें. तेव्हांपासून १९५६ पर्यंत तेथील मराठी माणूस कचेरींत व बाजारांत हिंदीच्या शेजारीं वावरला. तरी तिकडचा प्रत्येक वेगळा शब्द हिंदीच्या पदरीं घालणें बरोबर नव्हे. तिकडे पेरूस जाम म्हणतात, तर कोंकणांत जाम हें पांढरें, पाणीदार, निराळेंच फळ. तांबडा भोपळा तिकडे कोहळें होतो. पुण्यांत कोहळा मागितला तर सांडग्यांचा पांढरा मिळेल. आणि कोथिंबिरीस तिकडे सांबार म्हणतात. हिंदींत ती धनिया.

या सांबाराचें एक देणें माझ्याकडे आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं यवतमाळहून बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गांत होता. ‘आमचें घर’ या निबंधांत त्यानें लिहिलें, ‘आई अंगणांत बसून सांबार निवडते.’ मीं तांबड्या शाईनें शब्द खोडला आणि वर्गांत मोठ्यानें विचारलें, “अरे, सांबार निवडतात कीं भुरकतात?” वर्ग हसला. तो उभा राहून म्हणाला, “सर, आमच्याकडे असंच म्हणतात.” मीं त्यास बसविलें. त्यानंतरच्या निबंधांत त्याची आई, अंगण, घरचें जेवण कांहींच आलें नाहीं. तो पाठ्यपुस्तकासारखें लिहूं लागला, आणि मी त्यास उत्तम गुण देत गेलों. मला तेव्हां ती सुधारणा वाटली.

पुढें माझ्या थोरल्या मुलाचें लग्न अमरावतीस झालें. पहिल्याच आठवड्यांत सूनबाई म्हणाल्या, “बाबा, येतांना सांबार आणाल का?” मीं पिशवी उचलली. मंडईंत गेल्यावर, कां कोण जाणे, माझ्या तोंडून तोच शब्द निघाला. भाजीवाल्यानें माझ्याकडे पाहिलें आणि रस्त्यापलीकडील उपाहारगृहाकडे बोट दाखविलें. आजूबाजूचीं चार गिऱ्हाइकें हसलीं. मीं हिरव्या जुडीवर हात ठेवला आणि म्हणालों, “हा. आमच्याकडे असंच म्हणतात.”