अंकल फॉरीचा शनिवार

आवडलेला सिनेमा पुन्हा पाहायला मिळेल याची काहीच शाश्वती नसायची, असा एक मोठा काळ होऊन गेला. चित्रपट लागायचा, आठवडा-दोन आठवडे चालायचा आणि त्याची रिळं पुढच्या गावाला रवाना व्हायची. मूकपटांच्या जमान्यात खुद्द स्टुडिओंनाही जुन्या रिळांची फारशी किंमत नव्हती. नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची, शिवाय जागा अडवायची. तेव्हा तिच्यातली चांदी काढून घेऊन उरलेलं टाकून देण्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. अशा काळात लॉस एंजेलिसमधल्या फॉरेस्ट ऊर्फ फॉरी अ‍ॅकरमन नावाच्या मुलाला विज्ञानपटांचं वेड लागलं. त्या वेडापायी तो जे करत गेला, त्यातून चाहत्यांची एक रीतच पडली आणि ती रीत सांभाळत तो ब्याण्णव वर्षांचा झाला.

त्याचा जन्म 24 नोव्हेंबर 1916 चा. आजी-आजोबा सिनेमाचे भोक्ते होते, नातवाला एकाच दिवसात अनेक सिनेमे दाखवायचे. 1922 साली पाचव्या वर्षी त्याने ‘वन ग्लोरियस डे’ हा अद्भुतपट पाहिला. पुढे 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकाचा अंक त्याच्या हाती पडला. या मासिकाचे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापत. एवढ्याशा गोष्टीने केवढं काम केलं! आपल्यासारखं वेड असलेला कोणीतरी दुसऱ्या राज्यात आहे हे मुलांना कळलं आणि ती एकमेकांना थेट पत्रं धाडू लागली. तेराव्या-चौदाव्या वर्षी फॉरीने अशा मुलांचा पत्रव्यवहाराचा क्लबच काढला. 1934 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विज्ञानकथाप्रेमींचं मंडळ सुरू झालं. त्याच्या बैठका क्लिफ्टन्स कॅफेटेरियात भरत. शाळकरी रे ब्रॅडबरी तिथलाच, आणि पुढे पडद्यावर राक्षस आणि डायनोसॉर जिवंत करणारा रे हॅरीहाउसेनही. हॅरीहाउसेनची ओळख झाली ती ‘किंग काँग’च्या स्टिल फोटोंमुळे. थिएटरात लावलेले ते फोटो अ‍ॅकरमनच्या मालकीचे होते आणि या पोराला ते उसने हवे होते.

स्टिल फोटोंचं महत्त्व आज चटकन लक्षात येणार नाही. चित्रपट उतरला की मागे उरायचे ते हे आठ बाय दहा इंची फोटो, पोस्टरं आणि लॉबीतली कार्डं. थिएटरवाल्यांच्या लेखी ती रद्दीच. फॉरी ती मागून आणायचा, विकत घ्यायचा, जपून ठेवायचा. डोळ्यांनी पाहिलेलं हातातून निसटू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. हजेरी होती दोनशेच्या आसपास. बावीस वर्षांचा अ‍ॅकरमन तिथे भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेला. ‘थिंग्ज टू कम’ या 1936 च्या चित्रपटावरून आणि चित्रकार फ्रँक पॉल यांच्या मुखपृष्ठांवरून सुचलेला हा पोशाख शिवला होता मर्टल डग्लस यांनी आणि त्याही तशाच वेशात आल्या होत्या. आज जगभरच्या मेळाव्यांत हजारो लोक आवडत्या पात्रांचे वेश करून येतात. या प्रथेचा इतिहास सांगताना अ‍ॅकरमनचं नाव हमखास घेतलं जातं, सुई-दोरा हाती घेणाऱ्या मर्टल मात्र बराच काळ बाजूला राहिल्या. खरं तर पहिला मान त्यांचा.

1953 मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात विज्ञानकथाक्षेत्राचे ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा ‘पहिल्या क्रमांकाचा चाहता’ म्हणून अ‍ॅकरमन यांची निवड झाली. हा मान इंग्लंडच्या केन स्लेटरला मिळायला हवा, असं म्हणत त्यांनी तो चषक तिथेच ठेवला.

आता ही पिढी चाळिशीकडे झुकत होती. पोरवयात जमलेल्या मंडळींनी पुढे काय करायचं, याला आधीचा काही दाखलाच नव्हता. मग 1958-59 च्या सुमारास काहींनी ‘फर्स्ट फँडम’ नावाची संघटना काढली. अट एकच: 1 जानेवारी 1938 च्या आधीपासून या क्षेत्रात वावर हवा. ऐन चाळिशीत हे लोक स्वतःला डायनोसॉर म्हणवून घेऊ लागले! पण त्यातला जिव्हाळा अस्सल होता. त्यांच्यातले बॉब मॅडल 1939 च्या न्यूयॉर्क संमेलनाला हजर होते. 2022 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी ते वारले, तोवर त्या पहिल्या संमेलनाची आठवण सांगणारा माणूस या जगात होता.

अ‍ॅकरमन यांची चाळिशी वेगळ्या वाटेने गेली. 1957 च्या शरदात युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट अमेरिकन टेलिव्हिजनवर दिसू लागले आणि ज्यांच्या जन्माआधी ते चित्रपट येऊन गेले होते, ती मुलं रात्री जागून ते पाहू लागली. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात अ‍ॅकरमन यांनी एक फ्रेंच सिनेमासिक विकत घेतलं होतं, त्याचा तो अख्खा अंक अद्भुतपटांवर होता. फिलाडेल्फियाचे प्रकाशक जेम्स वॉरन यांनी तो पाहिला आणि 1958 च्या आरंभी ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ बाजारात आलं. किंमत 35 सेंट. एकच अंक काढायचा बेत होता, मासिक 1983 पर्यंत चाललं.

लहानपणापासून जमवलेले ते सगळे स्टिल फोटो आता छापले जाऊ लागले. बारा वर्षांच्या वाचकांना चाळिशी ओलांडलेला ‘अंकल फॉरी’ मूकपटांतला नट लॉन चेनी कोण, मेकअप कसा करायचा, बाहुली हलती कशी दाखवायची हे समजावून सांगायचा. गर्न्सबॅकप्रमाणे तोही वाचकांची पत्रं आणि त्यांचे फोटो छापायचा. स्टीव्हन स्पीलबर्ग, जो डान्टे, पीटर जॅक्सन ही या मासिकावर पोसलेली मुलं. मेन राज्यातल्या स्टीफन किंग नावाच्या मुलाने एक कथा पाठवली होती. ती छापली गेली नाही, पण अ‍ॅकरमन यांनी फेकलीही नाही. सुमारे वीस वर्षांनी किंग एका पुस्तकाच्या दुकानात सह्या देत बसलेले असताना तेच टंकलिखित त्यांच्यापुढे सहीसाठी आलं.

वय वाढण्याचा चाहत्याला होणारा एक फायदा अ‍ॅकरमन यांच्या बाबतीत लख्ख दिसतो. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा लॉन चेनीचा 1927 चा मूकपट. त्याची शेवटची ज्ञात प्रत 1960 च्या दशकात एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. त्यानंतर हा चित्रपट उरला तो स्टिल फोटोंत आणि तो ज्यांनी पाहिला होता त्यांच्या डोक्यात. दर वर्षी अशी माणसं कमी होत गेली. अ‍ॅकरमन त्यांच्यापैकी एक. 2002 मध्ये फोटो एकापुढे एक जोडून त्याची पुनर्रचना टेलिव्हिजनवर दाखवली गेली, तेव्हा थिएटरवाल्यांनी रद्दीत काढलेल्या कागदांची किंमत सगळ्यांना कळली.

लॉस फेलिझ भागातल्या ग्लेंडोअर अ‍ॅव्हेन्यूवरचं त्यांचं अठरा खोल्यांचं घर ‘अ‍ॅकरमॅन्शन’ म्हणून ओळखलं जाई. शनिवारी ते सर्वांना खुलं असे, तिकीट नाही. टेलिफोन नंबरची अक्षरं जुळवली की ‘मून फॅन’ असं व्हायचं. भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही, जिन्यापासून तळघरापर्यंत पुस्तकं. ‘किंग काँग’मधल्या प्राण्यांचे धातूचे सांगाडे, वरचं रबर सुकून गळून पडलेलं. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधलं मंगळवासीयांचं यान. ‘मेट्रोपोलिस’मधल्या यंत्रस्त्रीची पूर्णाकृती प्रतिकृती. यजमान बोटात बेला लुगोसीची ड्रॅक्युलाची अंगठी घालून पाहुण्यांना एकेक वस्तू दाखवायचे आणि मधूनमधून शाब्दिक कोट्या करायचे. हा सगळा ठेवा लॉस एंजेलिस शहराने घ्यावा आणि त्याचं संग्रहालय व्हावं, ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, आणि जगाला चित्रपट पुरवणाऱ्या या शहराला हे जमू नये याची खंत वाटते.

पत्नी वेन्डेन 1990 मध्ये गेल्या. ‘पेरी ऱ्होडान’ या जर्मन विज्ञानकथामालेची इंग्रजी भाषांतरं त्यांची. पुढे आजारपण आणि खर्च वाढत गेले, 2002 मध्ये घर आणि बहुतेक संग्रह विकावा लागला. शंभरेक लाडक्या वस्तू घेऊन अ‍ॅकरमन जवळच्याच एका छोट्या बंगल्यात राहायला गेले आणि तिथेही शनिवारी दार उघडं ठेवू लागले. 4 डिसेंबर 2008 रोजी ते वारले. पुढच्या वर्षी उरलेल्या वस्तूंचाही लिलाव झाला.

त्यांचा सर्वांत आवडता चित्रपट ‘मेट्रोपोलिस’. तो आपण शंभरएक वेळा पाहिला असं ते सांगत. पण 1927 मध्ये बर्लिनला दाखवलेला फ्रिट्झ लांगचा मूळ चित्रपट अमेरिकेत कापूनच लागला होता. जवळजवळ अख्खी प्रत मिळाली ती अर्जेंटिनात. तिथल्या एका वितरकाने लांबलचक आवृत्ती आधीच नेली होती. त्या रिळांना मान्वेल पेन्या रोद्रिगेस या चित्रपट समीक्षकाने स्वतःच्या संग्रहात जागा दिली, पुढे त्यांची 16 मिलिमीटरची प्रत निघाली आणि ती ब्वेनोस आयरेसच्या सिनेमा संग्रहालयात पोचली. तिचा माग लागला तो फिल्म क्लबच्या एका जुन्या माणसाच्या गप्पांमुळे. फिल्म नीट बसेना म्हणून ‘मेट्रोपोलिस’च्या खेळात आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ प्रोजेक्टरवर बोट दाबून धरावं लागलं, अशी तक्रार तो सांगायचा. उपलब्ध प्रतींची लांबी पाहता इतका वेळ लागणं शक्य नव्हतं. फेर्नान्दो पेन्या या संशोधकाने ते बरोबर हेरलं आणि 2008 मध्ये रिळं उघडून पाहिली गेली. ओरखड्यांनी भरलेली सुमारे पंचवीस मिनिटं हाती लागली. 12 फेब्रुवारी 2010 ला बर्लिनमध्ये नवी प्रत पडद्यावर आली. दोनच प्रसंग पार खराब झालेले निघाले: चर्चमधल्या साधूचं प्रवचन आणि फ्रेडरसन-रोटवांगची झटापट. त्यांच्या जागी काय घडतं हे सांगणाऱ्या पाट्या दाखवल्या जातात.