वाइक आन झे, १५ जानेवारी २०१३: तेवीस खेळ्यांत कोसळलेला किल्ला

संध्याकाळी ६, आमच्या रायपूरच्या घड्याळात
नेदरलँड्समध्ये दुपारचा दीड. टाटा स्टील स्पर्धेची चौथी फेरी. पांढऱ्याकडून लेव्हॉन अरोनियन, काळ्याकडून जगज्जेता विश्वनाथन आनंद. ओपनिंग सेमी-स्लाव्ह, मेरान. इथून पुढे वेळ मिनिटांत मोजण्यात अर्थ नाही, खेळ्यांत मोजू.

उरल्या बारा खेळ्या
बाराव्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो. रोख एच७ वर. आनंद बचाव करत नाही, सी-प्यादं पुढे सरकवतो. पुढच्या खेळीत घोडा एच७ चं प्यादं खातो आणि एफ८ च्या हत्तीवर डोळा ठेवतो. आनंद तो घोडा मारत नाही. स्वतःचा घोडा जी४ वर नेतो. आता दोघांचेही हल्ले सुरू आहेत, पण पांढऱ्याचा ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट घरातून हललेलेही नाहीत. मला विचाराल तर डाव इथेच फिरला. राजाभोवती कोणाचे किती मोहरे पोहोचतात, हा हिशेब प्याद्यांच्या हिशेबाआधी करायचा असतो.

उरल्या आठ
एच२ वाचवायला एफ-प्यादं पुढे गेलं आणि राजाकडे येणारा तिरका रस्ता उघडला. पंधराव्या खेळीला आनंद उंट सी५ वर ठेवतो: घ्या, मारा. अरोनियन मारत नाही, आपला उंट ई२ वर घेतो.

उरल्या सात
काळा दुसरा घोडा ई५ वर ठेवतो, थेट प्याद्याच्या तोंडी. हा घोडा खाल्ला तर? वजीर डी४ वर शह देतो, राजा कोपऱ्यात, वजीर जी१ वर स्वतःचा बळी देतो, हत्तीला तो मारावाच लागतो आणि घोडा एफ२ वर मात करतो. आपल्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडलेला राजा! आनंदची या ओपनिंगची तयारी २०१२ च्या गेलफंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी झाली होती. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या कँडिडेट्समध्ये नाकामुराविरुद्ध अकराव्या खेळीला एच३ वर उंट दिला, तेव्हाही लोक बलिदानाचं कौतुक करत राहिले. बलिदान दिसतं, आधी जमवलेले मोहरे कोण मोजतो?

अरोनियन जी४ चा घोडा उंटाने मारतो. काळा उंट डी४ वर शह देतो, राजा एच१ वर, आणि उरलेला घोडा जी४ वर बदला घेतो.

उरल्या पाच
पांढरा घोडा एफ८ चा हत्ती खातो. शिकणाऱ्या मुलांना इथे थांबवून काळ्याची खेळी विचारली, तर हात हटकून त्या घोड्याकडे जातो. आनंद शांतपणे एफ५ खेळतो. त्या प्याद्याने पांढऱ्या वजिराचा एच७ कडचा तिरका रस्ता बंद झाला. घोडा कुठे पळणार?

उरल्या चार
वजीर एच४ वर येऊ नये म्हणून तोच घोडा जी६ वर. एका घोड्याच्या तेवीसपैकी पाच खेळ्या! काळा वजीर एफ६ वर येतो. पांढरा एच३ खेळून जी४ च्या घोड्याला हाकलू बघतो. आनंद जी६ चा घोडा खातो. आता जी४ वर हात टाकला तर वजीर एच६ वर, लगेच मात.

१९०७ मध्ये लोड्झला रॉटलेवीविरुद्ध रुबिनस्टाइनचे दोन उंटही आनंदच्या बी७ आणि डी४ च्या उंटांसारखेच लांबून राजाकडे रोखलेले होते. बुद्धिबळात आठवण हीही एक ताकदच.

उरली एक
पांढरा वजीर ई२ वर, काळा एच५ वर. एच३ राखायला पांढरा वजीर डी३ वर येतो. तेविसावी खेळी: काळा उंट ई३ वर, बरोबर डी३ आणि एच३ यांच्या मध्ये. राखणदाराची वाट अडली. उंटाने उंट मारला तर वजीर एच३ वर शह देतो. बी७ च्या उंटामुळे जी२ चं प्यादं जखडलेलं आहे, त्याला वजीर मारता येत नाही. मग जी२ वर मात. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर खातो.

पटावर अजूनही पांढऱ्याकडे एक हत्ती जास्त आहे, काळ्याकडे त्याबदल्यात एक हलका मोहरा. ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट जागच्या जागी. अरोनियन डाव सोडतो.