मागच्या चाकांचें कुलूप

गाडी चिखलांत रुतली म्हणजे आपण चिखलाला दोष देतों. परंतु पुष्कळदां खरा दोष गाडीच्याच पोटांतील एका अत्यंत उपयुक्त यंत्राचा असतो; आणि तें यंत्र नसतें तर तीच गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरहि नीट वळली नसती. त्याचें नांव डिफरन्शियल. हें यंत्र गरजेपुरतें बंद कसें पाडावें या विवंचनेंत हुशार माणसांनीं कित्येक दशकें घालविलीं, त्याची ही हकीकत आहे.

प्रथम थोडें गणित करूं. जुन्या मास्तराची ही खोड आपण चालवून घ्याल. गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांत ५ फुटांचें अंतर आहे असें धरा. गाडीनें एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, तर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें ३१ फूट जास्त चालतें. मौज अशी कीं, प्रदक्षिणा देवळाभोंवतीं असो वा सबंध गांवाभोंवतीं असो, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो केवळ दोन चाकांमधील अंतरावर अवलंबून आहे. बैलगाडीला याची अडचण पडत नाहीं, कारण तिचीं चाकें आसावर सुटीं फिरतात. पण आसच इंजिनानें फिरवावयाचा झाला कीं दोन्ही चाकांना एकच गति मिळते, आणि वळणावर एक तरी चाक फरफटत जातें.

ही अडचण वाफेच्या गाडीवर प्रयोग करणाऱ्यांना प्रथम जाणवली. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजी कारागिरानें १८२७-२८ च्या सुमारास तिच्यावर तोड काढली व तिचें पेटंट घेतलें. आसाचे दोन तुकडे करावयाचे आणि त्यांच्यामध्यें दंतचक्रें अशीं बसवावयाचीं कीं, एक चाक जितकें मागें पडेल तितकें दुसरें पुढें जावें. चीनमध्यें तिसऱ्या शतकांत मा ज्युन यानें केलेल्या दक्षिणदर्शक रथांत अशीच रचना असावी असें कांहीं विद्वान् म्हणतात. त्या रथाचा अवशेष उरलेला नाहीं, म्हणून तो वाद आपण बाजूला ठेवूं.

पुढें १८७७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ली यानें पायानें चालविण्याच्या गाडीला तीच युक्ति लावली. त्याची एक गोष्ट सांगतात. शेजारीं शेजारीं बसून चालविण्याच्या गाडींत तो व त्याचा मुलगा विल्यम बसले होते. प्रत्येकाच्या पायाखालीं आपापल्या बाजूचें चाक. पोरगा तरणाताठा, त्याच्या जोरानें गाडी वरचेवर बापाच्या बाजूला वळे, आणि शेवटीं दोघे रस्त्याकडेच्या झुडुपांत गेले. दोघांचा जोर एकत्र करून तो दोन्ही चाकांना सारखा वांटावा, हा विचार स्टार्लीला तेथें सुचला म्हणे. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, यंत्राचें मर्म तिच्यांत बरोबर आलें आहे: सारखी वांटणी.

आणि हीच सारखी वांटणी चिखलांत घात करते. बैलांच्या जोडीपैकीं एकानें अंग चोरलें कीं जूं तिरपें होतें आणि दुसऱ्यालाहि जोर लावतां येत नाहीं. त्याचप्रमाणें एक चाक निसरड्यावर आलें म्हणजे तें जेवढा जोर पेलूं शकेल, तेवढाच खडकावरील दुसऱ्या चाकाला मिळतो. म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं. खडकावरचें चाक स्तब्ध, आणि चिखलांतलें दुप्पट वेगानें गरगर फिरत असतें.

कोणी म्हणेल, चारी चाकांना जोर दिला कीं प्रश्न मिटला. मिटत नाहीं. १९४१ नंतर जगभर पसरलेली, आणि १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जोडली जाऊं लागलेली विलीज जीप घ्या. तिची योग्यता मोठीच. पण तिच्या पुढच्या व मागच्या आसांत साधींच डिफरन्शियलें होतीं. पुढचें एक व मागचें एक चाक घसरलें कीं तीहि हताश होई.

उपाय दोन दिशांनीं आले. शर्यतीच्या मोटारींत जोर इतका वाढला कीं कोरड्या रस्त्यावरहि एक चाक घसरूं लागलें. म्हणून १९३५ सालीं फर्डिनांड पोर्श यानें ऑटो युनियनच्या गाडीसाठीं झेडएफ या जर्मन कंपनीकडून घसरणीला मर्यादा घालणारें डिफरन्शियल करवून घेतलें. अमेरिकेंत १९५६ सालीं पॅकार्डनें त्याच जातीचें यंत्र साध्या ग्राहकाला दिलें. घर्षणाच्या तबकड्यांचीं अशीं यंत्रें रस्त्यावर सौम्य वागतात, पण तबकड्या झिजतात, आणि चाक हवेंत लटकलें तर त्यांचा आधार तोकडा पडतो.

दुसरी दिशा मोकळेपणानें कुलूपाची. अमेरिकेंत १९४१ च्या सुमारास डेट्रॉइट नो-स्पिन निघालें. त्यांत दांत दांतांत अडकून दोन्ही चाकें एक होतात. वळणावर बाहेरचें चाक पुढें धांवूं लागलें कीं त्याचे दांत आपोआप सुटतात. मजबूत आणि बिनतक्रार. फक्त कडकड वाजतें, आणि चालकाला विचारल्यावांचून आपला कारभार करतें. या स्वभावाविषयीं मला थोडी अढी आहे. पिकअप रिकामी असतां तिचा मागचा भाग हलका असतो. पावसाळी घाटांत वळणावर जोर दिला आणि तिकडे दांत अडकले, तर पाठ बाजूला सरकते.

म्हणून चालकाच्या हातीं किल्ली देणारें कुलूप मला अधिक पसंत. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या जर्मन युनिमोगवर तें प्रथमपासून होतें. ऑस्ट्रेलियांत रॉबर्ट्स यांनीं दाबलेल्या हवेनें लागणारें कुलूप तयार केलें. त्याचे हक्क मेलबर्नच्या एआरबी कंपनीनें १९८७ सालीं घेतले, आणि तें देशोदेशीं गेलें. बटण दाबलें कीं हवा एक कडें सरकविते व दोन्ही चाकें जखडतात. नळी फुटली तर कुलूप सुटतें आणि गाडी साध्या गाडीसारखी घरीं येते. विजेनें चालणारीं कुलुपेंहि आहेत; २०२२ सालीं भारतांत आलेल्या टोयोटा हायलक्सला मागच्या आसांत तसें कारखान्यांतूनच मिळालें.

माझा एक जुना विद्यार्थी मावळांतल्या वाड्यांवरून दूध आणतो. चारी चाकांच्या जोराची जुनी पिकअप. आषाढांत ओढ्याच्या उतारावर ती अडकली कीं कॅन उन्हापावसांत राहतात आणि त्या दिवसाचें दूध नासतें. कोणतें कुलूप घ्यावें, असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें, मागच्या आसाला घे. कारण चढावर भार मागें जातो, आणि पुढचीं चाकें मोकळीं राहिल्यानें सुकाणू हलकें राहतें. निम्मी वाट डांबरी असल्यानें बटणाचेंच घे. टायरांत हवा भरावयास पंप हवाच असेल तर हवेचें, नाहींतर विजेचें. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, आणि पुष्कळ वेळां तेवढ्यानें भागतें. मात्र तेथें चाक आधीं घसरावें लागतें, आणि तेवढ्यांत गाडी खालीं बसते.

विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आस कोणत्या बनावटीचा, त्याच्या टोकावर खांचा किती, आणि मोठ्या व लहान दंतचक्रांचें प्रमाण काय. यांत एकहि चुकली तर कुलूप बसत नाहीं. शिवाय कुलूप लागल्यावर इंजिनाचा सगळा जोर एका अर्ध्या आसावर येऊं शकतो. आस जुना व गंजका असेल तर तो तुटावयाचा. तेव्हां आधीं आस तपासून घ्यावा. कुलूप अडचणींत शिरण्यापूर्वीं, सावकाश गतींत, चाकें सरळ असतां लावावें, आणि डांबरी रस्ता लागतांच काढावें.