गृहविमा, फ्लॉरिडातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्यात हरिकेन वादळांमुळे होणाऱ्या हानीचा भार पेलेनासा झाल्याने खाजगी विमा कंपन्यांनी घरांच्या विम्यातून टप्प्याटप्प्याने अंग काढून घेतले आणि तो भार उत्तरोत्तर राज्याकडे आला. १९९२ नंतरच्या या घडामोडींवरून विमा व्यवसायाच्या मर्यादा स्पष्ट होतात.

थोड्यांचे नुकसान अनेकांनी वाटून घेणे, हे विम्याचे मूलतत्त्व होय. आगीच्या विम्यास ते चांगले लागू पडते. कारण एका शहरातील सर्व घरे एकाच दिवशी सहसा जळत नाहीत. हरिकेनमध्ये मात्र एका पट्ट्यातील हजारो घरांची एकाच रात्री हानी होते. अशा वेळी त्या वर्षीचे हप्ते भरपाईस अपुरे पडतात. त्यामुळे कंपनीला मोठी गंगाजळी ठेवावी लागते किंवा जोखमीचा काही भाग पुनर्विम्याद्वारे अन्य कंपन्यांकडे सोपवावा लागतो.

फ्लॉरिडाच्या पूर्वेस अटलांटिक महासागर व पश्चिमेस मेक्सिकोचे आखात असल्याने हे द्वीपकल्प दोन्ही बाजूंनी वादळांच्या माऱ्यात येते. १९२६ मध्ये मायामी शहर व १९२८ मध्ये ओकीचोबी सरोवराचा परिसर वादळांनी उद्ध्वस्त झाला होता. १९७० व १९८० च्या दशकांत मात्र येथे मोठी वादळे क्वचितच आली. याच काळात किनाऱ्यालगत दाट वस्ती झाली. राज्याची लोकसंख्या १९५० मध्ये सु. २८ लाख होती. ती १९९० मध्ये सु. १ कोटी २९ लाखांवर गेली. वाऱ्याने होणारी हानी नेहमीच्या गृहविम्यातच अंतर्भूत असे (पुराची नसे, तिच्यासाठी १९६८ पासून केंद्र शासनाची वेगळी योजना आहे). हप्त्यांचे दर प्रामुख्याने मागील काही दशकांच्या अनुभवावरून ठरत आणि तो अनुभव शांत वर्षांचा होता.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्रू हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेस होमस्टेडजवळ किनाऱ्यावर आले. डेड काउंटीत २५,००० हून अधिक घरे नष्ट झाली व सु. १ लाख घरांची हानी झाली. विमा कंपन्यांवर सु. १,५५० कोटी डॉलरचा बोजा पडला. त्यापूर्वी सर्वांत खर्चिक ठरलेल्या १९८९ च्या ह्यूगो वादळात तो सु. ४२० कोटी डॉलर होता. अनेक लहान कंपन्यांचे दिवाळे निघाले. मोठ्या कंपन्या तरल्या. परंतु त्यांनी विमापत्रांचे नूतनीकरण थांबविण्याचे ठरविले. घर गहाण ठेवून कर्ज घेणाऱ्याने विमा उतरविलाच पाहिजे, अशी धनको संस्थांची अट असते. त्यामुळे विमा न मिळणे म्हणजे घरांची खरेदी-विक्रीच खुंटणे होते.

राज्याने यावर तीन उपाय योजले. डिसेंबर १९९२ मध्ये, इतरत्र विमा न मिळणाऱ्यांसाठी संयुक्त विमा संघ स्थापण्यात आला. १९९३ मध्ये, कंपनीला दरवर्षी किती विमापत्रे सोडता येतील, यावर कायद्याने मर्यादा घातली. त्याच वर्षी कंपन्यांना पुनर्विमा पुरविणारा हरिकेन आपत्ती निधी उभारला. संयुक्त संघाची विमापत्रे १९९६ पर्यंत नऊ लाखांवर गेली. हा संघ व १९७० मध्ये स्थापन झालेला किनारी भागाचा वादळविमा संघ यांच्या एकत्रीकरणातून २००२ मध्ये ‘सिटिझन्स’ हे सार्वजनिक विमा महामंडळ निर्माण झाले. दरम्यान काही मोठ्या कंपन्यांनी फ्लॉरिडापुरत्या वेगळ्या उपकंपन्या काढून मूळ कंपनीचे भांडवल जोखमीपासून दूर ठेवले.

२००४ मध्ये सु. सहा आठवड्यांत चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन व जीन या चार हरिकेनांचा राज्याला फटका बसला. २००५ मध्ये विल्माने त्यात भर घातली. सिटिझन्सला मोठी तूट आली. ती भरून काढण्यासाठी २००६ मध्ये विधिमंडळाने ७१·५ कोटी डॉलर दिले व उरलेल्या रकमेसाठी राज्यातील विमेदारांवर आकारणी बसविण्यात आली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या व केवळ मोटारीचा विमा उतरविणाऱ्या नागरिकालाही तिचा वाटा उचलावा लागला. २००७ मध्ये महामंडळाचे दर गोठविण्यात आले. लोकांना दिलासा मिळाला. परंतु हप्ते जोखमीच्या मानाने कमी राहिले. दरवाढ नाकारली गेल्यामुळे स्टेट फार्म कंपनीच्या उपकंपनीने २००९ मध्ये हा व्यवसाय सोडण्याची घोषणा केली. पुढे तडजोड होऊन ती राहिली. मात्र तिला सु. सव्वा लाख विमापत्रे कमी करण्याची मुभा मिळाली. २०१२ मध्ये महामंडळाकडे सु. १५ लाख विमापत्रे होती.

२००६ ते २०१५ या दहा वर्षांत एकही हरिकेन फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आले नाही. या अवधीत महामंडळाची अनेक विमापत्रे अल्प भांडवलाच्या स्थानिक कंपन्यांनी घेतली. त्यांची भिस्त मुख्यतः पुनर्विम्यावर होती. इर्मा (२०१७), मायकेल (२०१८) आणि २८ सप्टेंबर २०२२ चे इयन ही वादळे, पुनर्विम्याचे वाढलेले दर व भरपाईविषयक दाव्यांचा खर्च यांमुळे त्यांपैकी कित्येक बुडाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दाव्यांसंबंधीचे नियम कडक करण्यात आले. तरी २०२३ मध्ये महामंडळाची विमापत्रे पुन्हा १४ लाखांवर गेली. त्यानंतर ती कमी होऊन २०२४ च्या अखेरीस १० लाखांखाली आली.

कंपनी निघून गेली, तरी जोखीम नाहीशी होत नाही. ती केवळ दुसऱ्याच्या माथी जाते, हे या इतिहासातून दिसते. हप्ता जोखमीइतका ठेवल्यास अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांना घर राखणे कठीण होते आणि कमी ठेवल्यास तूट इतरांकडून भरून घ्यावी लागते व धोक्याच्या जागी नवी बांधकामे होत राहतात. प्रत्यक्ष हानी कमी करणारा उपाय म्हणजे वादळास तोंड देणारी घरबांधणी. २००२ मध्ये राज्यभर लागू झालेल्या बांधकाम संहितेनुसार बांधलेली घरे २००४ च्या वादळांत जुन्या घरांपेक्षा चांगली टिकली. जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र उरतोच.